पाय उशिरा बोलतो

चैत्र सरत आला की कामथडीसारख्या गावात एकाच घरात दोन तऱ्हेचे पाय दिसतात. एक जोडी रानात राबणारी. टाचेच्या कडेनं उभ्या भेगा, भेगांत काळी माती बसलेली, तळवा इतका राठ की बारीक खडा पायाखाली आला तरी कळत नाही. दुसरी जोडी महामार्गानं शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जाणारी. आठ-दहा तास सेफ्टी शूजमध्ये कोंडलेली. मोजा काढला की पांढरट, सुरकुतलेली, बोटांच्या बेचक्यांत सोललेली. एकीत पाणी टिकत नाही, दुसरीचं पाणी वाळत नाही. घरातून सल्ला मात्र दोघींना एकच मिळतो: रात्री तेल चोळून झोप. रानातल्या पायाला तो अर्धाच लागू पडतो आणि कारखान्यातल्या पायाचं त्यानं नुकसानच होतं. असं होतं, कारण आपण पाय बघत नाही, तो दुखायची वाट बघतो. दात, पोट, डोकं ही मंडळी लगेच बोंब ठोकतात. पाय उशिरा बोलतो, आणि ज्यांच्या पायाला सगळ्यात जास्त धोका असतो त्यांचा पाय तर बोलतच नाही. म्हणून उन्हाळ्यात पाय सांभाळायचे तर पहिली गरज तेलाची किंवा मलमाची नाही, रोज एकदा तळवे उलटून बघण्याची आहे. बाकीचे उपाय त्या बघण्यातून ठरतात.

आधी भेगांचं घेऊ. अंगावरच्या बहुतेक कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांत त्या नसतात. तळव्यांत असतात त्या घामाच्या ग्रंथी, दोन्ही पायांच्या मिळून सुमारे अडीच लाख. म्हणजे तळव्याला ओल येते, पण ती धरून ठेवणारं घरचं तेल त्याच्याकडे नाही. पुणे जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८-४० अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचं धुणं तासाभरात कडक वाळतं. त्याच हवेत टाच दिवसभर उघडी असते. टाचेच्या हाडाखाली चरबीची एक गादी आहे. पाऊल टेकलं की ती दाबली जाते आणि बाजूंना फाकते. कातडी लवचीक असली तर ताणून पुन्हा जागेवर येते; जाड आणि वाळलेली असली तर कडेला फाटते. भेग तळव्याच्या मधोमध पडत नाही, टाचेच्या काठावर पडते, ती यामुळेच. मागून उघडी चप्पल या गादीला फाकायला मोकळीक देते. वजन जास्त असेल, किंवा दिवसभर ओट्याशी, दुकानाच्या काउंटरमागे किंवा हॉटेलच्या भटारखान्यात उभं राहायचं काम असेल, तर ताण आणखी वाढतो.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: भेगा अंगातल्या उष्णतेनं पडतात, तेव्हा सब्जा घ्यावा, गुलकंद खावा, पाणी भरपूर प्यावं. जळवात या जुन्या शब्दातही तीच समजूत दिसते. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण टाचेवरचा जो थर फाटतो तो मेलेल्या पेशींचा असतो, त्यात रक्त पोचत नाही. बाहेरून भिजवल्यावर तो जितका मऊ पडतो तितका तांब्याभर पाणी पिऊन पडत नाही. लावणीच्या दिवसांत खाचरात उभं राहिलं की त्याच टाचा दोन दिवसांत मऊ होतात, हे मावळपट्ट्यातल्या कुणालाही सांगायला नको. अंगातली उष्णता आषाढात एकाएकी निघून गेलेली नसते. पायाला पाणी मिळालेलं असतं.

तेव्हा पाणी आधी आणि तेल नंतर. ही दोन पावलांची रीत सर्वांत काटेकोरपणे कुणी घालून दिली असेल, तर ती कुष्ठरोगाच्या कामानं. ब्रिटिश शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले तेव्हा कुष्ठरोग्यांचे पाय त्या रोगानं आपोआप झडतात असा सर्वत्र समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस झडत नाही. वेदना मेलेली असते, म्हणून काटा, चटका, खडा, भेग काहीच कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. तिथून पुढे दोन गोष्टी रुळल्या. एक मऊ रबराची, म्हणजे एमसीआरची चप्पल. दुसरी रोजची शिस्त: पाय नजरेनं तपासायचा, १५-२० मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचा, भिजलेली जाड कातडी खरबरीत दगडानं हलक्या हातानं घासायची, आणि पाय पुरता कोरडा न करता वरून तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. तेल कातडीला पाणी देत नाही, आत शिरलेल्या पाण्यावर झाकण घालतं. कोरड्या टाचेवर चोळलेलं तेल म्हणजे रिकाम्या डेऱ्यावर ठेवलेलं झाकण.

हे करायला लागणाऱ्या वस्तू आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत. न्हाणीतली वजरी, मग ती भाजक्या मातीची असो वा पितळेची, याच कामाची. पण ती वापरायची पाय भिजल्यावर आणि एका दिशेनं, चार-पाच हात फिरवून. कोरड्या टाचेवर कचाकचा घासली की कातडी आणखी जाड होते, घट्ट्यासारखी, कारण शरीराला तो मार वाटतो. ब्लेडनं किंवा वस्तऱ्यानं टाच तासणं तर मुळीच नको. भेग बुजत नाही, नवी जखम मात्र होते. तेलात खोबरेल चालतं, पण उन्हाळ्यात ते पातळ असतं आणि अंथरुणालाच जास्त लागतं. कोकमाच्या बियांचं तेल त्याहून बरं. ते घट्ट वडीसारखं असतं, हातात चोळलं की विरघळतं आणि टाचेवर बराच वेळ टिकतं. महाडकडून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीत आमसुलांबरोबर त्याचा गोळा पूर्वी असायचाच. औषधाच्या दुकानातलं युरिया असलेलं मलम टाचेसाठी चांगलं काम करतं, कारण युरिया पाणी धरून ठेवतो आणि राठ थर सैल करतो. वरून जुना सुती मोजा घालून झोपलं की गोधडीही खराब होत नाही. आठ-दहा दिवस नेमानं केलं तर फरक दिसतो. भेगेतून रक्त येत असेल, भोवती लाली आणि ठणका असेल, पू दिसत असेल, तर मेण, राळ, हळद, चुना असलं काहीही तिच्यात भरू नये. आत जंतू असताना वरून बूच मारल्यासारखं होतं. ती जखम समजावी आणि दवाखान्यात दाखवावी.

आता कारखान्यातला पाय. इथे सगळा हिशेब उलटा होतो. चामड्याच्या किंवा रबरी बुटात घामाला बाहेर वाट नसते, बोटांच्या बेचक्यांत ओल साठते, कातडी पांढरी पडून सुटते आणि तिथे बुरशी धरते. चिखल्या म्हणजे पावसाळ्यातलं, भातखाचरातलं दुखणं अशी आपली कल्पना असते. आता त्या वैशाखातही होतात. या पायाला भिजवणं नको आणि बेचक्यात तेल तर अजिबात नको. पाय धुऊन, एकेक बेचकं सुती फडक्यानं पुसून कोरडं करायचं. आदल्या दिवशीचा मोजा दुसऱ्या दिवशी घालायचा नाही. जमलं तर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक वाळतो. नाही जमलं तर निदान रात्री आतलं तळपट काढून बूट उघडा ठेवावा. खाज सुटली तर दुकानदारानं पुढ्यात टाकलेली ट्यूब आणून लावू नये. त्यांपैकी पुष्कळ ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईड मिसळलेलं असतं. त्यानं दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी आत आत पसरून पुढे औषधाला सहजी दाद देईनाशी होते.

भेगा आणि ओल यांनंतर तिसरा धोका उन्हातल्या चटक्यांचा. तो विषय निघाला की हटकून ऐकू येतं, आमची आजी जन्मभर अनवाणी चालली, तिला काही झालं नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. अनवाणी चालण्यानं तळव्याचे बारीक स्नायू मजबूत होतात, लहान मुलांची पावलं चांगली घडतात. पण आजी चालली ती जमीन वेगळी होती. पाऊलवाट, बांध, सारवलेलं अंगण, झाडाची सावली. मातीही तापते, पण पायाखाली ती सरकते आणि उष्णता सावकाश देते. डांबर आणि सिमेंट तसं नाही. हवेचं तापमान ३८ असताना उन्हातलं डांबर ६० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. माणसाची कातडी ५५ अंशांना साधारण अर्ध्या मिनिटात आणि ६० अंशांना पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, हे १९४० च्या दशकातच प्रयोगांनी सिद्ध झालं आहे. तळव्याचा थर जाड म्हणून त्याला थोडी जास्त सवलत मिळते, इतकंच. ज्याचा थर सर्वांत जाड, त्याला चटका सर्वांत उशिरा कळतो, आणि कळेपर्यंत खालचा जिवंत थर उकडलेला असतो.

मार्च २०१८ मधला किसान लाँग मार्च आठवून पाहावा. ६ तारखेला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचले. त्यांच्या तळव्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली, सालं निघालेली, फोड फुटलेली. आणि मुंबईकरांनी रस्त्यात पाण्याबरोबर चपलाही वाटल्या. हे सगळे पाय रोज रानावनात चालणारे होते, शहरातले लाडावलेले नव्हते. अजून तर खरा उन्हाळाही लागला नव्हता. पाय घोटवलेला असला की डांबर सोसतो, या समजुतीला याहून मोठं उत्तर नको.

मग नवसाचं काय? चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला गावोगावच्या कावडी निघतात, सासवडची कावड मुंगी घाटानं चढते, आणि त्यांच्याबरोबर अनवाणी चालणारे असतातच. कापूरहोळहून नारायणपूर-केतकावळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरही असे पाय दिसतात. नवस बोललेल्या माणसाला चप्पल घाल म्हणणं उद्धटपणाचं होईल आणि तो ऐकणारही नाही. पण वेळ आणि वाट तर निवडता येते. सकाळी नऊच्या आत आणि दुपारी पाचनंतर चालावं. डांबर सोडून कडेच्या मातीवरून चालावं, तेही खाली काचा नाहीत हे पाहून. पांढरा पट्टा डांबराहून कमी तापतो, पण महामार्गावर त्याच्या मोहात पडून गाडीखाली येण्यापेक्षा सावलीत थांबलेलं बरं. मुक्कामी पोचल्यावर आधी तळवे बघावेत, मग जेवावं. देवळांच्या विश्वस्तांनाही एक सांगणं आहे. नव्या देवळांत चकचकीत फरशी घालण्याची हौस फार. दुपारी त्या फरशीवरून म्हाताऱ्या बायका अक्षरशः उड्या मारत गाभाऱ्याकडे जातात. नसरापूरचं बनेश्वर दाट झाडीत आहे, तिथे वैशाखातही पाय पोळत नाहीत. झाडं वाढायला वेळ लागतो हे खरं, पण तोवर काथ्याच्या चटया टाकून त्यांवर पाणी मारायला फार खर्च येत नाही.

पोळण्याचा आणखी एक प्रकार इकडचा खास आहे. वेल्ह्याकडे आणि भोरच्या पश्चिमेला रोपाची जागा तयार करायला या दिवसांत राब भाजतात. कवळ, पाला, शेण, वरून माती असा थर पेटवला की ज्वाळा विझून गेल्यावरही राखेखाली निखारा धुमसत राहतो. आगीतून फुफाट्यात ही म्हण इथे शब्दशः घडते: वरून राखाडी आणि गार दिसणाऱ्या राखेत पाय जातो आणि घोट्यापर्यंत भाजतो. भाजलं तर पाय लगेच वाहत्या किंवा साध्या गार पाण्याखाली पूर्ण २० मिनिटं धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, शेण तर नकोच. फोड फोडू नये, वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी असते. स्वच्छ फडकं सैल गुंडाळावं आणि फोड मोठा असेल तर दवाखाना गाठावा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे आठवत नसेल तर तेही विचारून घ्यावं. बाभळीचा काटा मोडला तरी इंजेक्शनाबद्दल हेच लागू.

सर्वांत महत्त्वाचं मुद्दाम मागे ठेवलं आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या काही गोष्टी चुकीच्या ठरतात. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात आणि ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांत जे पाहिलं तेच इथे घडतं. चपलेतला खडा दिवसभर टोचतो, कळत नाही. डांबराचा चटका बसतो, कळत नाही. संध्याकाळी फरशीवर रक्ताचा ठसा दिसतो तेव्हा कळतं. आमच्याकडे कुठला मधुमेह, तो शहरातल्या जाड माणसांचा रोग, असं गावात अजूनही म्हटलं जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनं देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जे काम केलं, त्यातून दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनानं कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. काटक दिसणारा माणूस म्हणजे साखरेपासून सुरक्षित, हे गृहीतच धरता येत नाही.

बधिरपणा आहे का हे घरच्या घरी पाहता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात बसवलेली ही साधी चाचणी आहे. म्हाताऱ्या माणसाला डोळे मिटून पडायला सांगावं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटानं अगदी हलका, क्षणभर स्पर्श करावा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श झाला की त्यानं ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं धरून डॉक्टरांकडे जावं. अशा माणसानं पाय भिजत घालू नयेत, कारण कातडी फुगून फाटते आणि पाणी किती कढत आहे हेही त्याला कळत नाही. धुण्याचं पाणी दुसऱ्यानं कोपरानं तपासावं. वजरी, ब्लेड, कुरूप काढायची पट्टी, सगळं वर्ज्य. टाचेला मलम लावावं, बेचक्यांत लावू नये. नखं सरळ कापावीत, कोपरे कोरू नयेत. आणि घरातसुद्धा अनवाणी चालू नये, देवळात मोजे घालून जावं. देव मोज्यांना हरकत घेत नाही, पुजाऱ्यानं घेतली तर त्याला कारण सांगावं.

पायताणाबद्दल थोडं. कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते. तिचा तळ थरांचा म्हणून पाय पोळत नाही, घाम शोषला जातो. रानासाठी, बाजारासाठी ती उत्तम. पण टाच उघडी राहते, तेव्हा भेगा असतील तोवर मागे पट्टा आणि कड असलेली सँडल बरी. स्वस्त प्लास्टिकची चप्पल उन्हात तापून मऊ पडते आणि बाभळीचा काटा तिच्यातून सुईसारखा आरपार येतो. कुठलंही पायताण घालण्याआधी ते उलटं करून झटकावं. बधिर पायवाल्यानं आत हातही फिरवावा, खड्यासाठी. बाकीच्यांनी झटकायचं ते विंचवासाठी. भोरहून वरंध घाट उतरलं की येणाऱ्या महाडात डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुळवला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण तो उपचार घ्यावा लागू नये हे बरं. रात्रीच्या विजेवर मोटर लावायला जाणाऱ्यानं बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट, दोन्ही घेऊनच घर सोडावं. घोणस आणि फुरसं बहुधा पायालाच चावतं.

शेवटचा आक्षेप वेळेचा. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रोज पाय बघत बसायला सवड कुठे? पण संध्याकाळी रानातून किंवा पाळीवरून आल्यावर पाय तर धुतलेच जातात. त्याच वेळी दगडावर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतला की तळवा समोर येतो. टाचेचा काठ, चवडा, चारही बेचकी, नखांचे कोपरे. फोड, लाली, नवा काळा डाग, रुतलेलं कुसळ. दोन्ही पायांचं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांच्यासाठी जमिनीवर आरसा ठेवावा आणि त्यावर तळवा धरावा. ज्यांची नजर अधू आहे त्यांचे तळवे नातवंडानं पाहावेत. पोरांना दिसतंही चांगलं आणि काटा काढायची हौसही असते. ऊन कलल्यावर पण उजेड असेतो हे उरकावं. दिवे गेले असतील तर मोबाईलची बॅटरी पुरते.